तिथी पाहून जायची खाडी

ऐरोलीच्या खाडीवर जायचं ठरलं की घड्याळाआधी भिंतीवरचं कॅलेंडर पाहावं. तिथी कोणती ते बघायचं आणि तिची पाऊणपट करायची, की भरती किती वाजता पुरी भरणार ते कळतं. पंचमी असेल तर पावणेचार, अष्टमी असेल तर सहा. त्याच्या आगेमागे सहा तासांवर ओहोटी. किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा हा जुना हिशेब. मोबाइलवरच्या तक्त्याशी तो मिनिटाबरहुकूम जुळत नाही, खाडीत आत पाणी चढायला थोडा उशीरही होतो. पण बेत आखायला पुरतो. लहानपणी घोकलेल्या पाऊणकीचा मला आजवर झालेला हा एकमेव उपयोग.

ठाणे-वाशी मार्गावरच्या ऐरोली स्थानकात उतरून रिक्षावाल्याला ‘दिवा गाव, खाडीकडे’ म्हणून सांगावं. हे दिवा म्हणजे मध्य रेल्वेचं दिवा जंक्शन नव्हे. सोसायट्यांचे टॉवर संपतात, वाऱ्याला खारा वास येऊ लागतो आणि किनारी व सागरी जैवविविधता केंद्राचं फाटक दिसतं. राज्याच्या वनविभागाने 2012 साली कांदळवनांसाठी स्वतंत्र कक्ष काढला. हे केंद्र त्याच कक्षाचं, 2017 पासून लोकांसाठी खुलं असलेलं. आत माहितीचं दालन आहे, देवमाशाचा सांगाडा आहे. शाळेच्या सहली तिथे रेंगाळतात, त्यांना रेंगाळू द्यावं. आपण थेट मागच्या बाजूला, कांदळवनात शिरणाऱ्या उंच वाटेवर जावं.

इंग्रजी पाटीवर तिला ‘बोर्डवॉक’ म्हणतात. कोकणात ओढ्यावर टाकलेल्या पायपुलाला साकव म्हणतात. ही वाट म्हणजे चिखलावरचा लांबलचक साकवच. दोन्ही बाजूंनी तिवराच्या फांद्या कठड्यावर येतात. तिवराचं एखादं पान उलटं करून त्याच्या खालच्या बाजूला बोट फिरवा आणि जिभेला लावा. खारट लागतं. मुळांवाटे आलेलं जास्तीचं मीठ हे झाड पानांतून बाहेर टाकतं. खाली चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखे हजारो कोंब वर आलेले दिसतात, ती त्याची श्वास घेणारी मुळं. या चिखलात प्राणवायू जवळपास नसतोच. म्हणून तर त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, आणि म्हणूनच मुळांना हवेसाठी वर यावं लागतं. कांदळाने याच अडचणीवर दुसरा तोडगा काढला आहे. तो खोडापासूनच मुळांच्या कमानी टाकून चिखलात पाय रोवतो आणि बी झाडावरच रुजवून हिरव्या शेंगेसारखं लांबट रोप खाली सोडतो. तिसरी ओळख चिपीची. पांढऱ्या चिपीला 2020 मध्ये राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळाला. फुलं रात्री उमलणारी, त्यामुळे तिचा सोहळा वटवाघळांच्या वाट्याला येतो, आपल्या नाही.

या वाटेवर आलेल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: फ्लेमिंगो कुठायत? तो स्वाभाविक आहे. फलक, पोस्टर, पुलाखालच्या भिंती, सगळीकडे हाच गुलाबी पक्षी रंगवलेला. मराठीत त्याला रोहित म्हणतात, अग्निपंखही म्हणतात. 1990च्या दशकात हे थवे मुंबईच्या खाडीत दिसू लागले आणि 2019च्या गणनेत त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. त्यात धाकटे रोहितच फार. थंडीत येतात, पावसाच्या तोंडाशी परततात. त्यांना पाहायला केंद्रातून बोट सुटते, तिची वेळ भरतीवर ठरते. पूर्ण ओहोटीत बोट गाळात रुतते. पूर्ण भरतीत चिखल बुडतो आणि पक्षी उडून नेरुळच्या पाणथळींवर विसाव्याला जातात. मधली वेळ साधली तर बोटीतून दिसणारं दृश्य पैसे वसूल करणारं असतं. मागे ऐरोली-मुलुंड पूल, विजेचे मनोरे, आणि पुढे चिखलावर गुलाबी पट्टा.

पण हा पट्टा इथे का आहे, ते बोटीत फारसं कुणी बोलत नाही. धाकट्या रोहिताचं मुख्य अन्न म्हणजे सूक्ष्म नीलहरित शेवाळ. मान खाली घालून, चोच उलटी करून तो चिखलपाणी गाळतो आणि हेच शेवाळ खातो. त्यातल्याच रंगद्रव्यांनी त्याची पिसं गुलाबी होतात. आता या सुमारे 26 किलोमीटर लांबीच्या खाडीच्या दोन्ही काठांना ठाणे, मुंबई, नवी मुंबई. त्यांचे नाले हिच्यात उतरतात आणि त्या सांडपाण्यातले नायट्रोजन-फॉस्फरस शेवाळाला खतासारखे लागू पडतात. म्हणजे ज्या रंगाचे आपण फोटो काढतो, त्यात आपल्या मोऱ्यांचाही वाटा आहे. याचा अभिमान धरावा की लाज, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एवढं मात्र नक्की की शहराची घाण पचवण्याचं हे काम चिखल आणि कांदळवन फुकटात करत आले आहेत.

कागदोपत्री संरक्षण कमी नाही. कांदळवन तोडायला उच्च न्यायालयाने 2005 मध्येच मनाई केली. 2015 साली खाडीचं 1,690 हेक्टर क्षेत्र फ्लेमिंगो अभयारण्य झालं, 2022 मध्ये भोवतालच्या पट्ट्यासह खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण रोहितांना अभयारण्याची हद्द कळत नाही. नेरुळच्या ज्या पाणथळींवर ते भरतीत बसतात, त्या हद्दीबाहेर आहेत. त्यांच्यात खाडीचं पाणी येणं थांबलं की विसाव्याची जागाच गेली. मे 2024 मध्ये घाटकोपरवर विमानाला थवा धडकला आणि एका रात्रीत तिसाहून अधिक रोहित मेले. तेव्हा कुठे या ये-जा करण्याच्या वाटांची चर्चा झाली.

दिवा गावातल्या आगरी-कोळी घरांना हा चिखल कुणी साकवावरून दाखवावा लागला नाही. त्यात मांडीपर्यंत उतरून चिंबोऱ्या काढायच्या, निवट्या पकडायच्या, हे त्यांचं रोजचं. निवटी हा मासा, पण कल्ले आणि कातडी ओली ठेवून चिखलावर उड्या मारत हिंडणारा. निवट्यांचं कालवण ज्याने खाल्लं आहे, त्याला ‘इथे नुसता चिखल आहे’ हे वाक्य कधी सुचणार नाही.

तेव्हा बोटीचं आरक्षण मिळालं नाही, किंवा रोहितांचे दिवस नसले, तरी माघारी फिरू नका. ओहोटीची वेळ धरून या. साकवाच्या कठड्याशी उभे राहा आणि पाच मिनिटं हलू नका, बोलू नका. तुमच्या पावलांच्या आवाजाने बिळात गेलेली मंडळी तेवढ्यात बाहेर येतात. आधी एक मोठी नांगी हलवणारे इवले खेकडे, आणि मग निवट्या.