विवाह एक, निकाल दोन

कुटुंब न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूमनामा हाती पडला, अपिलाची मुदतही उलटून गेली, तरी कॅथलिक स्त्री किंवा पुरुष आपल्या चर्चच्या लेखी विवाहितच राहतो. याच्या उलटही घडते. चर्चच्या न्यायाधिकरणाने ‘हा विवाह मुळात झालाच नव्हता’ असा निर्णय दिला, तरी सरकारदफ्तरी पती-पत्नीचे नाते जसेच्या तसे उभे असते. मग खरा निकाल कोणता, असा प्रश्न कौटुंबिक कायद्यावर लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला वसईच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक कुटुंबांपासून मंगळूर आणि केरळपर्यंत सर्वत्र विचारला जातो. दोन्ही निकाल आपापल्या हद्दीत खरे आहेत, एवढेच त्याचे उत्तर देता येते. पण एका हद्दीतला कागद घेऊन दुसऱ्या हद्दीत शिरणाऱ्याचे काय होते, हे त्याला वेळीच कोणी सांगत नाही. त्याची किंमत पुष्कळदा पुढच्या पिढीला मोजावी लागते.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. घटस्फोट म्हणजे अस्तित्वात असलेल्या विवाहाचा अंत. कॅथलिक चर्चच्या दृष्टीने दोन बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तींमधील, शरीरसंबंधाने पूर्ण झालेला वैध विवाह मृत्यूखेरीज कोणत्याही मानवी सत्तेला मोडता येत नाही. १९८३ च्या कॅनन संहितेचे ११४१ वे कलम तसे स्पष्ट सांगते. त्यामुळे चर्चपाशी ‘घटस्फोट’ नावाची वस्तूच नाही. ज्याला आपण बोलताना अॅनलमेंट म्हणतो, ती खरे तर शून्यतेची घोषणा आहे. ज्या दिवशी वधूवरांनी वेदीपुढे होकार दिला, त्या दिवशी तो होकार विवाह घडवण्यास पुरेसा होता का, एवढाच प्रश्न तेथे तपासला जातो. वीस वर्षांच्या संसारात पुढे काय बिनसले, हे त्या पहिल्या दिवसावर प्रकाश टाकत असेल तेवढ्यापुरतेच महत्त्वाचे ठरते.

हा फरक वरवर पाहता केवळ तात्त्विक वाटतो. प्रत्यक्ष प्रकरणात तो निर्णायक असतो. लग्नानंतर दहा वर्षांनी पती व्यसनाधीन झाला, तर दिवाणी न्यायालयात क्रूरतेच्या आधारे घटस्फोट मिळू शकतो. चर्चमध्ये तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. पण लग्नाआधीच तो व्यसनाच्या इतका आहारी गेला होता की वैवाहिक जबाबदाऱ्या पेलण्याची क्षमताच त्याच्यात उरली नव्हती, असे दाखवता आले, तर १०९५ वे कलम लागू होऊ शकते. विवाहाच्या गंभीर निर्णयासाठी लागणाऱ्या विवेकाचा अभाव आणि मानसिक कारणांमुळे मूलभूत कर्तव्ये स्वीकारण्यास असमर्थता ही दोन्ही कारणे त्याच कलमात येतात. संमती मिळवण्यासाठी केलेली फसवणूक हे आणखी एक कारण. मुले होऊ द्यायचीच नाहीत किंवा एकनिष्ठ राहायचेच नाही, असा निश्चय मनाशी ठेवून दिलेला होकारही चर्चला मान्य नाही. आपल्या समाजात विशेष लक्ष देण्याजोगे कारण आहे ते ११०३ व्या कलमाचे, म्हणजे बळजबरी किंवा गंभीर भय यांच्या दडपणाखाली दिलेल्या होकाराचे. ठरवून केलेल्या लग्नात वडिलांचा शब्द मोडायचा नाही म्हणून मान डोलावणे आणि त्या शब्दापुढे दुसरा मार्गच न उरणे, यांत रेषा कोठे ओढायची? भारतीय कुटुंबात ती ओढणे किती कठीण असेल, हे निराळे सांगायला नको.

प्रक्रिया लेखी आणि गोपनीय असते. विवाह जेथे झाला किंवा दोघांपैकी एक जण जेथे राहतो, तेथील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. अर्ज स्वीकारण्यापूर्वी हा संसार पुन्हा उभा राहण्यापलीकडे मोडला आहे, याची न्यायाधीशाने खात्री करून घ्यायची असते. दिवाणी घटस्फोटाचा हुकूमनामा त्याचा उत्तम पुरावा ठरतो, पण विवाह शून्य होता याचा तो पुरावा नव्हे. दुसऱ्या पक्षाला नोटीस जाते; त्याने दाद दिली नाही तरी काम थांबत नाही. कोणत्या कारणावर निर्णय द्यायचा हे आधी निश्चित केले जाते. मग पक्षकार आणि साक्षीदार यांचे जबाब नोंदवले जातात आणि मानसिक कारण असेल तेथे तज्ज्ञाचे मत मागवले जाते. या सगळ्यात ‘विवाहबंधाचा रक्षक’ नावाचा एक अधिकारी असतो. विवाह वैध होता, असे म्हणण्यास जे जे सयुक्तिक असेल ते मांडणे हेच त्याचे काम. पती-पत्नी दोघेही सुटका मागत असले, तरी विवाहाच्या बाजूने बोलणारा कोणीतरी असलाच पाहिजे, हा विचार पोप चौदावे बेनेडिक्ट यांच्या १७४१ च्या सुधारणेतून आला. परस्परसंमतीच्या अर्जांवर शिक्के उमटवणाऱ्या आपल्या काही न्यायालयांनी तो निदान समजून घ्यावा, असे मला वाटते.

त्याच १७४१ च्या सुधारणेने शून्यतेचे दोन एकसारखे निकाल मिळाल्याखेरीज पुनर्विवाहाची मुभा नाही, असा दंडक घातला. तो पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये काढून टाकला. त्यांचे दोन आदेश, एक लॅटिन चर्चसाठी आणि दुसरा सिरो-मलबार व सिरो-मलंकारा यांसारख्या पौर्वात्य चर्चसाठी, त्या वर्षीच्या ८ डिसेंबरपासून अमलात आले. आता अपील झाले नाही तर एकच निकाल पुरतो. पुरावा उघड आणि दोघांचीही संमती असेल, तर बिशप स्वतः लघुप्रक्रियेने निर्णय देऊ शकतो. कामकाज शक्यतो विनामूल्य व्हावे, अशीही अपेक्षा त्या आदेशांत आहे.

दोन गैरसमजांनी फार माणसे विनाकारण दुखावली गेली आहेत. दिवाणी घटस्फोट घेतला म्हणून कोणी चर्चमधून बाहेर फेकले जात नाही. घटस्फोटानंतर एकटी राहणारी व्यक्ती ख्रिस्तप्रसाद घेऊ शकते. प्रश्न उभा राहतो तो शून्यतेच्या घोषणेविना दुसरा विवाह केल्यावर. पोटगी, मुलांचा ताबा किंवा संरक्षण यांसाठी दिवाणी घटस्फोट हाच एकमेव मार्ग असेल, तर तो घेण्यात पाप नाही, असे चर्चची अधिकृत शिकवण सांगते. दुसरा गैरसमज असा की विवाह शून्य ठरला म्हणजे मुले अनौरस ठरली. ११३७ वे कलम याच्या नेमके उलट सांगते. दोघांपैकी एकाने तरी प्रामाणिक समजुतीने केलेल्या विवाहातील मुले, तो विवाह पुढे शून्य ठरला तरी औरसच राहतात.

आता सरकारी बाजू. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने बहुतांश भारतात कॅथलिक धर्मगुरूने लावलेला विवाह हाच कायदेशीर विवाह मानला. म्हणजे प्रवेशाच्या वेळी वेदी आणि नोंदणी कार्यालय एकच. बाहेर पडण्यासाठी मात्र १८६९ चा घटस्फोट कायदा, आणि तो दीर्घकाळ अत्यंत निर्दय होता. पतीला केवळ पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. पत्नीला व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. जिल्हा न्यायालयाने दिलेल्या हुकूमनाम्यावर उच्च न्यायालयाची मोहोर लागत असे. परस्परसंमतीने घटस्फोट ही सोयच नव्हती. विधी आयोगाने १९८३ आणि १९९८ मध्ये बदल सुचवले, केरळ आणि मुंबई उच्च न्यायालयांच्या पूर्णपीठांनी नव्वदच्या दशकात पत्नीवरचा दुहेरी बोजा घटनाबाह्य ठरवला. संसदेला जाग आली ती २००१ मध्ये. तेव्हाही परस्परसंमतीसाठी हिंदूंना एक वर्ष विभक्त राहण्याची अट असताना ख्रिस्ती दांपत्यासाठी दोन वर्षे घातली गेली. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती एका वर्षावर आणली.

या इतिहासाकडे पाहिले की लोक चर्चच्या निकालावर विसंबून का राहिले, ते माझ्या मते सहज उमगते. सरकारचे दार जवळपास बंद होते, चर्चचे किलकिले होते. तेथून मिळालेल्या कागदाने समाजात मान मिळे, दुसरे लग्न वेदीपुढे लागे आणि कोणी विचारत नसे. पेन्शन, वारसा किंवा तक्रार यांचा प्रश्न उद्भवेपर्यंत सारे सुरळीत चाले.

मॉली जोसेफ विरुद्ध जॉर्ज सेबास्टियन या खटल्यात १९९६ मध्ये तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. पत्नीचा आधीचा विवाह चर्चच्या न्यायाधिकरणाने शून्य ठरवला होता, दिवाणी न्यायालयाने नव्हे. न्यायालयाने स्पष्ट केले की अशा निर्णयाला धार्मिक अर्थ असेल, पण संसदेने केलेला कायदा असताना त्याचा कायदेशीर परिणाम काहीही नाही. नंतर कर्नाटकातील वकील क्लॅरेन्स पायस यांनी जनहित याचिकेद्वारे कॅनन कायद्याला वैयक्तिक कायद्याचा दर्जा मागितला. न्यायमूर्ती खेहर आणि न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या पीठाने २०१७ च्या जानेवारीत ती फेटाळली. मला हा निकाल योग्य वाटतो. चर्चचे न्यायाधिकरण पोटगी देत नाही, ताबा ठरवत नाही, त्याच्या निर्णयाविरुद्ध नागरिक म्हणून दाद मागता येत नाही. नागरी हक्क संपवण्याचा अधिकार अशा संस्थेकडे असू नये.

पण निकाल योग्य असला तरी त्याची झळ कोणाला लागते, ते पाहिले पाहिजे. समजा, बंगळूरमधल्या एका नोकरदार स्त्रीला चर्चकडून शून्यतेची घोषणा मिळाली आणि दिवाणी घटस्फोट न घेताच तिने दुसरे लग्न केले. तिच्यावर भारतीय न्याय संहितेच्या ८२ व्या कलमाखाली द्विविवाहाचा खटला होऊ शकतो. पहिला विवाह सक्षम न्यायालयाने शून्य ठरवला असेल तर त्या कलमात सूट आहे. चर्चचे न्यायाधिकरण त्या अर्थाने सक्षम न्यायालय नाही. आणि तिच्या दुसऱ्या विवाहातील मुलांचे काय? घटस्फोट कायद्याच्या २१ व्या कलमात पहिला जोडीदार हयात असल्याने शून्य ठरलेल्या विवाहातील मुलांना वारसाहक्क आहे. पण तो जोडीदार मरण पावला आहे, अशा प्रामाणिक समजुतीने लग्न केले असेल तरच. ‘चर्चने मला मोकळे केले’ ही समजूत कितीही प्रामाणिक असो, या चौकटीत बसत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या १६ व्या कलमाने शून्य विवाहातील मुलांना असे प्रश्न न विचारता औरस ठरवले आहे. ख्रिस्ती मुलांच्या बाबतीत मात्र, गंमत म्हणावी की खेद करावा, रोमच्या संहितेतले औदार्य दिल्लीच्या कायद्यात नाही.

गोव्याची गोष्ट वेगळी. तेथे पोर्तुगीज काळातील १९४६ च्या हुकूमनाम्यानुसार, कॅनन पद्धतीने झालेल्या विवाहाच्या शून्यतेचा चर्चचा निर्णय उच्च न्यायालयाकडे जात असे आणि तेथून नागरी नोंदणीत उतरत असे. समान नागरी कायद्याचा आदर्श म्हणून ज्या राज्याकडे ऊठसूट बोट दाखवले जाते, तेथेच धर्मपीठाच्या निकालाला नागरी परिणाम होता! गोव्याचे उदाहरण देणाऱ्यांनी हे कलमही वाचलेले असावे, एवढीच अपेक्षा.

मग करायचे काय? समान नागरी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. घटस्फोट कायद्याच्या २१ व्या कलमात हिंदू विवाह कायद्याच्या धर्तीवर दुरुस्ती केली, तर मुलांचा प्रश्न एका छोट्या विधेयकाने सुटतो, आणि त्याला कोणत्याही पक्षाने किंवा पंथाने विरोध करावा असे त्यात काही नाही. दुसरी बाजू चर्चच्या हाती आहे. शून्यतेच्या प्रत्येक निकालावर, पक्षकाराच्या भाषेत, ‘या कागदाने तुमचा कायदेशीर विवाह संपलेला नाही’ हे वाक्य ठळक छापावे. आणि कॅनन संहितेचे १०७१ वे कलम काटेकोर पाळावे. ज्या विवाहाला नागरी कायद्याची मान्यता मिळू शकत नाही, तो निकडीचा प्रसंग वगळता बिशपच्या परवानगीविना धर्मगुरूने लावू नये, असे ते कलम सांगते. म्हणजे दुसऱ्या लग्नाची तारीख देण्यापूर्वी दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा मागण्यासाठी फादरला दिल्लीकडे किंवा रोमकडे पाहण्याची गरज नाही.