जुन्या जेसीबीचा हात का डुलतो?

भिलाईच्या आसपास बांधबंदिस्तीसाठी, तळ्यातला गाळ काढायला जुना जेसीबी घेणारे आधी रंग आणि तासांचा मीटर बघतात. दोन्ही बदलता येतात! त्यापेक्षा बकेट जरा उचलून आडवी हलवून बघा. बुडाशी सांध्यातल्या पिन-बुशमधली दोन मिलिमीटरची फट लांब हाताच्या टोकाला कितीतरी पट होते. बिजागरी ढिली झाली की दाराची कडी जुळत नाही, तसंच. इकडच्या भाटा, म्हणजे मुरमाड जमिनीतला मुरूम ग्रीस नसलेल्या सांध्यात शिरला की लोखंड खातो.

मग हात उंच करून इंजिन बंद करा. खाली कुणी उभं राहू नका. हायड्रॉलिक सिलिंडरात कोंडलेलं तेल हाताला धरून ठेवतं. हात भराभर उतरू लागला, तर सील किंवा व्हॉल्व्हमधून तेल झिरपतंय. सील बदलता येतं. सगळेच सांधे खिळखिळे असतील, तर सौदा सोडा.