कवचाचा हिशेब

चित्रकथांतील कासव कधी कधी आपले कवच अंगरख्यासारखे उतरवून ठेवते. प्रत्यक्षात ते अशक्य आहे, कारण पाठीवरचे कवच, ज्याला पृष्ठकवच म्हणतात, ते रुंद होऊन एकमेकींना भिडलेल्या बरगड्या आणि त्यांच्याशी एकजीव झालेले पाठीचे मणके यांचेच बनलेले असते. पोटाकडच्या सपाट भागाला अधरकवच म्हणतात, आणि बहुतेक कासवांत या दोन्हींवर माणसाच्या नखांत असते त्याच केराटिन नावाच्या प्रथिनाचे खवले बसलेले असतात. या रचनेतील सर्वांत चमत्कारिक गोष्ट खांद्याच्या हाडाची आहे. गाय, पाल, पक्षी किंवा माणूस यांच्यात ते बरगड्यांच्या पिंजऱ्याबाहेर असते, तर कासवात ते पिंजऱ्याच्या आत असते. गर्भाची वाढ होत असताना बरगड्या खाली न वळता पाठीच्या कडेकडे आडव्या पसरतात आणि खांदा त्यांच्याखाली झाकला जातो. बरगड्या अशा जखडल्या गेल्यामुळे छाती फुगवून श्वास घेणे कासवाला शक्य नसते, म्हणून पोटातील स्नायूंच्या पट्ट्यांनी फुप्फुसांवर दाब आणून आणि तो सैल करून त्याला श्वासोच्छ्वास चालवावा लागतो.

इतकी उलटापालट झालेली रचना टप्प्याटप्प्याने कशी घडली असेल, हे कोडे दीर्घकाळ सुटले नव्हते, कारण जर्मनीत सापडलेला प्रोगॅनोकेलिस हा सुमारे २१ कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी पूर्ण कवचासह दिसत होता आणि त्याच्याआधीचा दुवा हाती नव्हता. २००८ मध्ये चीनच्या ग्वेइचौ प्रांतातील ओडोन्टोकेलिसचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि चित्र पालटले. सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या या प्राण्याच्या जबड्यात दात होते आणि पोटाकडचे कवच पूर्ण होते, पाठीवर मात्र नुसत्या रुंदावलेल्या बरगड्या होत्या. म्हणजे कवच पोटाकडून आधी पुरे झाले. त्याहून जुना, सुमारे २६ कोटी वर्षांपूर्वीचा दक्षिण आफ्रिकेतील युनोटोसॉरस हा प्राणीही बरगड्यांच्या रुंदीमुळे कासवांच्या पूर्वजांत गणला जातो, जरी ही गणना सर्वच अभ्यासकांना मान्य नसली तरी. २०१६ मध्ये मांडल्या गेलेल्या एका उपपत्तीनुसार या बरगड्या रुंदावल्या त्या संरक्षणासाठी नव्हे, तर बिळे खणताना पुढच्या पायांना भक्कम आधार मिळावा म्हणून. ही उपपत्ती पटण्याजोगी आहे. अर्धवट कवचाने शत्रूपासून फारसा बचाव होत नाही, उलट धावणे आणि श्वास घेणे दोन्ही अवघड होते, त्यामुळे सुरुवातीला त्या बरगड्यांचा काहीतरी वेगळा उपयोग असल्याशिवाय त्या टिकल्या असत्या असे वाटत नाही. जनुकीय पुराव्यांनी आणखी एक जुनी समजूत मोडली आहे: कासवांचे जवळचे नातलग पाली आणि सरडे नसून मगरी आणि पक्षी आहेत.

एकदा पूर्ण झालेले कवच डायनोसॉरांच्या अस्तानंतरही टिकले, पण त्याबरोबर जगण्याचा एक विशिष्ट हिशेबही कायम झाला. पूर्ण वाढलेल्या कासवाला शत्रू थोडे, त्यामुळे त्याला सावकाश वाढणे, उशिरा वयात येणे आणि वर्षानुवर्षे अंडी घालत राहणे परवडते. अंडी आणि पिल्ले मात्र जवळजवळ निराधार सोडली जातात आणि त्यांतील बहुतेक मरणार हे गृहीतच धरलेले असते. हा हिशेब प्रौढ कासव दीर्घकाळ जगेल या एकाच अटीवर जमतो. आज जगात कासवांच्या सुमारे ३६० जाती असून त्यांतील निम्म्याहून अधिक धोक्यात आहेत, आणि याचे मोठे कारण म्हणजे माणसाने नेमकी ही अट मोडली आहे.

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर अंडी घालणारे ऑलिव्ह रिडले हे समुद्री कासव या हिशेबाचे उत्तम उदाहरण आहे. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्री भरतीरेषेच्या वर येते, मागच्या दोन वल्ह्यांनी आळीपाळीने वाळू उपसत तोंडाशी अरुंद आणि तळाशी फुगीर असा दीडेक फूट खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि मग सारे अंग डावीकडे-उजवीकडे आपटत वरची वाळू ठोकून घट्ट करते. त्यानंतर ती समुद्रात परतते आणि त्या घरट्याकडे पुन्हा फिरकत नाही. मागे उरलेल्या अंड्यांवर कोल्हे, कुत्री, घोरपडी आणि पूर्वी माणसेही टपलेली असत.

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातल्या वेळास येथे चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या साथीने ही अंडी राखण्याचे काम सुरू केले, पुढे वनविभागाचे पाठबळ मिळाले आणि २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. हे काम दिसते तितके सोपे नाही. अंडे घातल्यानंतर काही तासांतच गर्भ अंड्याच्या वरच्या बाजूला आतून चिकटू लागतो, त्यामुळे अंडी कुंपण घातलेल्या जागेत हलवायची तर ती लवकरात लवकर आणि कूस न बदलता उचलावी लागतात, आणि मादीने केला होता तसाच, तितकाच खोल खड्डा करून त्यात ठेवावी लागतात. खोलीला महत्त्व आहे, कारण समुद्री कासवाचे लिंग गुणसूत्रांवरून ठरत नाही. उबवणीच्या मधल्या तिसऱ्या हिश्शातील वाळूच्या तापमानावरून ते ठरते. सुमारे २९ ते ३१ अंश सेल्सिअसच्या दरम्यान कोठेतरी नर-माद्यांचे प्रमाण सारखे येते, त्याखाली नर वाढतात आणि त्यावर माद्या. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात जन्मलेल्या हिरव्या समुद्री कासवांच्या अल्पवयीन पिढीत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या असल्याचे २०१८ मध्ये दिसून आले, ते वाळू तापल्याचाच परिणाम मानले जाते. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्ले वर येतात. वेळासला खड्ड्यांवर पालथ्या घातलेल्या टोपल्या सकाळ-संध्याकाळ उचलून त्यांची मोजदाद होते आणि मग ती ओल्या वाळूवर सोडली जातात.

या कामाचे मोल निर्विवाद आहे, परंतु टोपलीखालची पिल्ले मोजणे आणि कासवांची संख्या वाढणे या दोन गोष्टी एक नव्हेत. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील लॉगरहेड कासवांबाबत डेबोरा क्राउस आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणिती अभ्यासात असे दिसले की घरट्यांतील सर्वच्या सर्व अंडी वाचवली तरी घटती संख्या सावरत नाही. मोठी अल्पवयीन आणि प्रौढ कासवे मरायची थांबली तरच ती सावरते. ही कासवे मरत होती ती कोळंबीच्या ट्रॉलरांच्या जाळ्यांत. फुप्फुसांनी श्वास घेणाऱ्या या प्राण्याला ठरावीक वेळाने पाण्यावर यावेच लागते, आणि तासन्‌तास तळाशी ओढल्या जाणाऱ्या जाळ्यात अडकल्यावर ते गुदमरून मरते.

यावरचा उपाय ‘टेड’ या लघुनावाने ओळखला जातो. जाळ्याच्या शेवटच्या पिशवीआधी सळ्यांची तिरपी जाळी बसवतात. कोळंबी सळ्यांमधून पिशवीत जाते, तर कासव जाळीवर आपटून तिच्या कडेने घसरत झडपेवाटे बाहेर पडते. असे साधन न वापरणाऱ्या देशांची कोळंबी अमेरिकेने नाकारली, तेव्हा भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी १९९६ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली आणि तो वाद पर्यावरण व व्यापार यांच्या संघर्षाचे गाजलेले प्रकरण ठरला. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने भारतीय ट्रॉलरांना साजेशी टेड तयार केली, तरी झडपेवाटे मासळीही निसटते ही मच्छीमारांची तक्रार कायम राहिली, आणि २०१९ मध्ये भारताच्या समुद्रातून पकडलेल्या कोळंबीवर अमेरिकेने पुन्हा बंदी घातली.

एका किनाऱ्यापुरता विचार करून हा प्रश्न सुटणार नाही, हे गुहागरच्या एका मादीने दाखवून दिले. ओडिशातील गहिरमाथा येथे २०२१ मध्ये वल्ह्याला धातूची खूणपट्टी लावलेली ही मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे वेगवेगळी, ही समजूत त्यामुळे डळमळली आणि मधल्या सर्व राज्यांची जाळी या हिशेबात आली. महाराष्ट्राने २०१८ पासून संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राबवली आहे, आणि अनेक कासवे तिच्यामुळे जिवंत परत गेली आहेत. परंतु अडकलेला प्राणी वेळेवर दिसला तरच जाळे कापता येते. तळाशी ओढल्या जाणाऱ्या जाळ्यात काय आले आहे हे तांडेलाला कळते ते पिशवी वर आल्यावर, तोवर कासव बहुधा मेलेले असते, आणि त्यामुळे ट्रॉलरांसाठी भरपाईच्या योजनेने टेडची जागा भरून निघत नाही.