मापात पाप की मापच वेगळे?

संगणकाची रॅम विकत घेताना तिच्या वेष्टनावर एक मोठा आकडा ठळक छापलेला असतो. ३२००, ३६००, नव्या पिढीत ६०००. हा तिचा वेग, आणि गिऱ्हाईक पैसे मोजते ते याच आकड्याचे. पट्टी घरी येते, यंत्रात बसते, यंत्र सुरू होते. मग कुणी जाणता पोरगा पडद्यावर दाखवून देतो, की रॅम २१३३ च्या वेगानेच चालली आहे. अशा वेळी आपल्याकडे पहिला शब्द ओठांवर येतो तो 'मापात पाप'.

माझा पुतण्या सोलापुरात अक्षरजुळणीचे काम करतो. मराठी पुस्तके, उर्दू पुस्तके, लग्नपत्रिका, सगळे काही. माझे संग्रहही त्याच्याच टेबलावरून छापखान्यात गेले. त्याने ३२०० ची रॅम आणली आणि ती २१३३ नेच चालताना पाहिली, तेव्हा तो दुकानदाराशी भांडायला निघाला होता. "चाचा, तुम्ही सोबत चला, तुमचं ऐकतील." मी म्हटले, भांडण जरूर करू, पण आधी भांडण कशाचे ते कळू दे. मी बी.ए. झालेला, तेही मराठी घेऊन. पण त्या चार दिवसांत जे समजले ते माझ्या धंद्याच्या बरेच जवळचे निघाले.

आधी एक छोटा गैरसमज दूर करू. काही प्रोग्राम, उदाहरणार्थ सीपीयू-झेड, ३२०० च्या रॅमचा वेग १६०० दाखवतात. तिथे काहीही बिघडलेले नसते. आजची रॅम डीडीआर जातीची, म्हणजे दुहेरी गतीची असते. तिच्या घड्याळाचा एक ठोका चढतो आणि उतरतो. ती चढताना एकदा माहिती देते, उतरताना पुन्हा एकदा देते. ठोके सेकंदाला १६० कोटी, देवाणघेवाण ३२० कोटी. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' आणि त्यात 'मेमरी' उघडले, तर तिथे पुरा आकडा दिसतो. तिथेही २१३३ किंवा २४०० दिसले, तरच पुढचे वाचायचे.

रॅमच्या पट्टीवर मोठ्या चिपांखेरीज एक इवलीशी चिप असते. तिला एसपीडी म्हणतात. डीडीआर-४ मध्ये तिच्यात जेमतेम ५१२ बाइट मावतात, म्हणजे एखाद्या गझलेइतकाही मजकूर नाही. पण ही पट्टीची जन्मपत्रिका असते. यंत्र सुरू होताच मदरबोर्ड ती वाचतो. तिच्यात पहिल्यांदा लिहिलेला असतो जेडेक या संस्थेने ठरवलेला प्रमाण वेग. या वेगाला, १.२ व्होल्टवर, ही पट्टी कुठल्याही योग्य यंत्रात चालावी अशी अपेक्षा असते. वेष्टनावरचा मोठा आकडा पत्रिकेत वेगळ्या पानावर असतो. ते पान इंटेलने २००७ मध्ये सुरू केले, त्याचे नाव एक्सएमपी. एएमडीने २०२२ मध्ये आपले स्वतःचे पान काढले, ते एक्स्पो. या पानावर लिहिलेले असते, की मला १.३५ व्होल्ट द्या, अमुक मात्रा पाळा, मी ३२०० ने धावते.

आणि मदरबोर्ड हे दुसरे पान आपणहून उघडत नाही. त्याला कारण आहे. समजा, त्याने पहिल्याच क्षणी वेगवान पान निवडले आणि प्रोसेसरला ते झेपले नाही, तर पडदा काळाच राहील. मग दुरुस्ती करायला आत शिरणार कसे? म्हणून यंत्र आधी सावकाश, सगळ्यांना जमेल अशा चालीने उठते आणि पुढचा निर्णय मालकावर सोडते. अडचण एवढीच, की मालकाला असा काही निर्णय घ्यायचा असतो हे त्याला कुणी सांगत नाही. दुकानदाराने कपटाने दडवलेले नसते. बहुधा त्यालाही फुरसत नसते.

मात्रांचा उल्लेख आला, त्यावर जरा थांबतो. रॅमच्या आकड्याशेजारी १६-१८-१८-३८ अशी एक ओळ छापलेली असते. तिच्याकडे कुणी पाहत नाही आणि खरे काव्य तिच्यात आहे. पहिला आकडा सीएल. मागणी आल्यापासून पहिला दाणा हातात पडेपर्यंत किती ठोके थांबायचे, हे तो सांगतो. ३२०० च्या रॅमचा एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदांचा. त्याचे १६ ठोके म्हणजे बरोबर १० नॅनोसेकंद. तीच पट्टी २१३३ वर १५ मात्रांनी चालली, तर मात्रा एकाने कमी, पण लय इतकी विलंबित, की वाट पाहणे १४ नॅनोसेकंदांचे होते. उलट कुणी ३२०० ची पण २२ मात्रांची स्वस्त पट्टी घेतली, तर थांबणे पावणेचौदा नॅनोसेकंदांचे. म्हणजे आकडा मोठा आणि ताटकळणे जुनेच! नुसत्या मात्रा मोजून वृत्त कळत नाही, लयही बघावी लागते, हे आम्हाला कॉलेजात शिकवले होते. इथे ते शब्दश: लागू पडते.

करायचे काय, ते सोपे आहे. यंत्र सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबत राहिले, की बायोसचा पडदा येतो. तिथे एक्सएमपी किंवा एक्स्पो असा शब्द शोधायचा. एएमडीच्या जुन्या बोर्डांवर तो डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी अशा नावानेही भेटतो. पहिला प्रोफाइल निवडायचा, एफ-१० दाबून जतन करायचे. पुतण्याच्या यंत्रात हे दोन मिनिटांत झाले. पडद्यावर ३२०० उमटले आणि भांडण रद्द झाले. डीडीआर-५ असेल, तर बदलानंतरच्या पहिल्या फेरीला पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. तेव्हा यंत्र रॅमशी सूर जुळवत असते. घाबरून वीज बंद करू नये. यंत्र खरेच उठले नाही, तर बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी वीज तोडून थोडा वेळ काढली, की ते पुन्हा जुन्या सावकाश पानावर येते. लॅपटॉपमध्ये मात्र ही सोय बहुधा नसतेच.

तरीही आकडा गाठला नाही तर? रॅम एकटी गात नाही. तिला बोलावणारा नियंत्रक प्रोसेसरच्या पोटात असतो; एएमडीने तो २००३ मध्ये तिथे नेला, इंटेलने २००८ मध्ये. रॅमची कंपनी हमी देते ती तिच्या पट्टीची, तुमच्या प्रोसेसरची नव्हे. काही स्वस्त बोर्ड तर मुळातच वेग वाढवू देत नाहीत. इंटेलच्या एच-४१० बोर्डावर दहाव्या पिढीचा आय-५ असेल, तर ३२०० ची पट्टीही २६६६ वरच थांबते, कितीही बटणे दाबा. पट्ट्या दोन असतील, तर चार खाचा असलेल्या बोर्डावर त्या सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. दोन्ही शेजारीशेजारी बसवल्या, तर बहुतेक बोर्डांवर दोन वाटांऐवजी एकाच वाटेने रहदारी होते. हे नुकसान वेगाच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठे, पण त्याची तक्रार घेऊन कुणी दुकानात जात नाही.

आता ज्यासाठी हे सगळे सांगायला बसलो, ते. वर्षभराने पुतण्याने आणखी दोन पट्ट्या आणल्या. त्याच कंपनीच्या, तशाच ३२०० च्या. चार बसवल्या, एक्सएमपी चालू केले, यंत्र नीट उठले. तीन आठवड्यांनी एका दिवंगत मित्राच्या समग्र कवितांची दाबून ठेवलेली फाइल उघडेना. हस्तलिखित घरच्यांकडे परत गेले होते, तपासलेली प्रुफे रद्दीत. सुदैवाने जुनी प्रत एका पेन ड्राइव्हवर सापडली, मधल्या दुरुस्त्या मात्र गेल्या. आम्ही दोघांनी त्या पुन्हा केल्या, आठ दिवस लागले.

कारण असे निघाले. चार पट्ट्यांचे ओझे नियंत्रकावर जास्त पडते. एएमडीच्या २०२२ च्या रायझन ७००० मालिकेचे अधिकृत आकडेच पाहा: दोन पट्ट्या असतील तर ५२००, चार असतील तर ३६००. ओझे झेपले नाही, तर यंत्र दर वेळी बंद पडतेच असे नाही. कधी एखादा बिट उलटतो, शून्याचा एक होतो. पडदा चालू, टंकन चालू, आणि फाइलीत कुठेतरी एक अक्षर मेलेले. छापखान्यातला खिळा निदान हातात घेऊन बघता तरी येई. म्हणून एक्सएमपी चालू केल्यावर मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवावा. तो विंडोजच्या आधीच सुरू होतो आणि रॅमच्या कानाकोपऱ्यात लिहून, परत वाचून बघतो. त्यात शून्य चुका हव्यात. एकही चालत नाही. पुतण्याच्या यंत्रात चार पट्ट्या ३२०० वर चुका दाखवत होत्या, २९३३ वर एकही नाही. ते यंत्र आता २९३३ वर चालते.

यावर विचारले जाईल, की मग वेगाचा फायदा तरी किती? टंकन, पत्रव्यवहार, बातम्या वाचणे यांत काहीही नाही. खेळांत आहे. आणि वेगळे ग्राफिक कार्ड नसून चित्राचे कामही प्रोसेसरच करत असेल, तिथे चांगलाच आहे. कारण चित्रेही याच वाटेने ये-जा करतात. ३२०० च्या दोन पट्ट्यांची वाट कागदावर सेकंदाला ५१.२ गिगाबाइटची, २१३३ ची ३४ ची.

अमेरिकेत मात्र हे प्रकरण कोर्टात गेले. वेष्टनावरचा वेग पट्टी बसवताच मिळत नाही, त्यासाठी बायोसमध्ये शिरावे लागते आणि मिळेलच अशी खात्री नाही, असे ग्राहकांचे म्हणणे होते. कोर्सेअर कंपनीने आरोप नाकारले, पण ५५ लाख डॉलरची तडजोड केली. जी-स्किलनेही २४ लाखांवर मिटवले. माझ्या मते ग्राहकांचे म्हणणे निम्मे बरोबर होते. वेग खोटा नव्हता, पण 'पर्यंत' हा एक शब्द गाळलेला होता. आणि तो गाळणे कंपन्यांच्या सोयीचेच होते, कारण प्रोसेसर बनवणारे एक्सएमपी आणि एक्स्पोला कागदोपत्री ओव्हरक्लॉकिंगच धरतात. त्यातून काही बिघडले, तर वॉरंटी नाकारण्याची वाट त्यांनी मोकळी ठेवली आहे. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, त्यानंतर तर हा शब्द वेष्टनावर ठळक हवा. तो दिसला नाही, तर पैसे देण्याआधी दुकानातच दोन प्रश्न विचारावेत: माझ्या प्रोसेसरला अधिकृतपणे किती झेपते, आणि पुढे वाढवायचे झाले तर आजच दोन मोठ्या पट्ट्या घेऊ का?