शेगडीच्या ज्योतीतलं समीकरण
रासायनिक समीकरण संतुलित करणं म्हणजे नुसती आकड्यांची जुळवाजुळव, असा मुलांचा समज होतो आणि तिथेच विषय अवघड वाटू लागतो. त्यामागचा नियम एकच आहे: अभिक्रियेत अणू नव्याने तयार होत नाहीत, नाहीसेही होत नाहीत, फक्त त्यांच्यातले बंध बदलतात. वस्तुमान कायम राहतं, हे फ्रान्सच्या लाव्हाझिए यांनी १७८९च्या आपल्या ग्रंथात ठामपणे मांडलं होतं.

घरच्या सिलिंडरमधला ब्युटेन घ्या. त्याच्या एका रेणूत कार्बनचे ४ आणि हायड्रोजनचे १० अणू असतात. तो पूर्ण जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. आधी कार्बन जुळवा: उजवीकडे कार्बन डायऑक्साइडचे ४ रेणू. मग हायड्रोजन: पाण्याचे ५. ऑक्सिजन मुद्दाम शेवटी, कारण डावीकडे तो सुटा आहे. त्याचा सहगुणक बदलला तरी आधीची जुळणी बिघडत नाही. आता उजवीकडे ऑक्सिजनचे ८ अधिक ५, म्हणजे १३ अणू झाले. त्याच्या रेणूत अणू असतात २, म्हणजे रेणू लागले साडेसहा! मग सगळंच दुप्पट करा: ब्युटेन २, ऑक्सिजन १३, कार्बन डायऑक्साइड ८, पाणी १०.

सूत्रातल्या छोट्या आकड्याला मात्र कधीही हात लावू नका. पाण्याच्या सूत्रात एक ऑक्सिजन वाढवला, तर ते हायड्रोजन पेरॉक्साइड होतं.

बर्नरची भोकं तुंबून हवा कमी पडली, की ऑक्सिजनचे ते १३ रेणू मिळत नाहीत. मग ज्योत पिवळी होते, भांड्याच्या बुडाला काजळी धरते आणि विषारी कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो.