जंतू नसताना आलेला ताप

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दुसराच दिवस. सकाळी ताप १००च्या वर गेला आणि मावशीने निकाल देऊन टाकला, "जखम पिकली." डॉक्टरांनी पट्टी उचलून दाखवली. टाक्यांच्या कडा लालसर, हाताला गरम, पण कोरड्या. पू नाही, वास नाही. "हा ऑपरेशनचाच ताप," ते म्हणाले.

जंतू नसताना ताप कसा? सुरी निर्जंतुक असली तरी तिच्याखाली पेशी फुटतातच, आणि त्यांच्या आतलं रक्तात सांडतं. त्यात मायटोकॉन्ड्रियाही असतात. अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या पेशींत मुक्कामाला आलेल्या स्वतंत्र जिवाणूंचे ते वंशज, आणि त्यांच्या डीएनएवर अजून ती जुनी खूण आहे. गंभीर जखमींच्या रक्तात हा डीएनए सांडतो आणि त्यामुळे पांढऱ्या पेशी जंतू शिरल्यासारख्या खवळतात, हे २०१०मध्ये 'नेचर'मधल्या संशोधनाने दाखवलं. मला हे फार विलक्षण वाटतं: आपलंच शरीर, पण चुकीच्या जागी सांडलं की परकं भासतं.

मग ताप चढतो आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जखमेकडे धावतात. इंटरल्युकिन-६ हा निरोप यकृतापर्यंत पोचतो आणि यकृत सीआरपी हे प्रथिन भराभर बनवू लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते शिखर गाठतं, नंतर उतरायला हवं. म्हणून डॉक्टर एका आकड्याला घाबरत नाहीत, त्याची चाल बघतात. उतरलेला आकडा पुन्हा चढला, तर मात्र जंतूंचा शोध घ्यावाच लागतो.

याच वेळी शरीर ब्रेकही दाबत असतं. कॉर्टिसोल वाढतं, रक्तातल्या लिम्फोसाइट घटतात, म्हणजे खरे जंतू आलेच तर पहारा काहीसा ढिला. छेद लहान तर हा गोंधळही कमी. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर माणूस लवकर उठून बसतो, त्याचं एक कारण हेही.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१४मध्ये खुब्याचा सांधा बदललेल्या ३२ रुग्णांचं रक्त तपासलं. पहिल्या २४ तासांत मोनोसाइट पेशींमध्ये उमटलेले संकेत आणि पुढच्या आठवड्यांत थकवा, वेदना किती लवकर ओसरल्या, यांचा मेळ लागला. बरं होण्याची गती इतक्या लवकर रक्तात उमटते!

या सगळ्या कामाला प्रथिनं लागतात, आणि ती कमी पडली की शरीर स्वतःचे स्नायू मोडतं. ग्लासगोत डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३०च्या सुमारास पाय मोडलेल्या रुग्णांच्या लघवीत वाहून जाणारा नायट्रोजन मोजून ही झीज दाखवली होती. आणि आपल्याकडे नेमकं याच दिवसांत "पू होईल" म्हणून वरण-भात बंद करतात, अंडं तर लांबच. मला याची खरोखर हळहळ वाटते.

चौथ्या दिवशी आईचं सीआरपी उतरलं. मी डबा उघडला, वरणात तूप सोडलं. मावशी काही बोलली नाही. तिनेच वाटी आईच्या हातात दिली.