फाउंडेशनविना ब्लश : रूढ समज आणि वस्तुस्थिती

गालांना लाली आणणाऱ्या प्रसाधनाला पूर्वी रूज म्हणत, आता ब्लश किंवा ब्लशर म्हणतात. आणि संपूर्ण चेहऱ्याचा वर्ण एकसारखा दिसावा म्हणून त्वचेच्या रंगाशी जुळणारा जो थर आधी दिला जातो, त्याला फाउंडेशन किंवा पार्लरच्या बोलीत नुसते ‘बेस’ म्हणतात. या दोहोंविषयी एक नियम बहुतेक सर्वत्र गृहीत धरला जातो, तो असा की आधी बेस आणि मगच ब्लश. उघड्या त्वचेवर लावलेला ब्लश डागासारखा दिसतो, टिकत नाही आणि शिवाय त्वचेला अपायही करतो, असे त्यामागे मानले जाते. या एका नियमात प्रकाश, रसायन आणि त्वचा यांविषयीच्या निरनिराळ्या समजुती एकमेकींत मिसळल्या असून त्यांपैकी काहींना थोडाफार आधार आहे, पुष्कळशा मात्र निराधार आहेत.

त्वचेचा वर्ण मुख्यतः दोन द्रव्यांवर ठरतो. बाह्यत्वचेतील मेलॅनिन हे तपकिरी ते काळसर रंगद्रव्य प्रकाशाचा, विशेषतः निळ्या बाजूच्या प्रकाशाचा, बराच भाग शोषून घेते. तर त्याखालच्या थरातील केशवाहिन्यांतून वाहणाऱ्या रक्तामधील हिमोग्लोबिन हिरवा आणि पिवळा प्रकाश शोषते आणि लाल प्रकाश परत येऊ देते. गालांवर या सूक्ष्म वाहिन्या दाट आणि पृष्ठभागाजवळ असल्यामुळे श्रमाने, उष्म्याने किंवा संकोचाने त्या रुंदावल्या की तेथे लाली चढलेली दिसते. फाउंडेशनचे काम नेमके याच्या उलट दिशेने चालते. त्यातील टायटेनियम डायऑक्साइड या शुभ्र द्रव्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाला वळवण्याच्या क्षमतेचे माप, सुमारे २.५ ते २.७ इतका मोठा असल्याने त्याचा पातळ थरही प्रकाश विखुरून खालचे झाकून टाकतो, आणि त्यात लोहाची लाल, पिवळी व काळी ऑक्साइडे मिसळून हवा तो वर्ण साधला जातो. असा थर मुरमांचे व्रण आणि काळे डाग झाकतो, पण त्याच झाकणाखाली रक्ताची स्वाभाविक लालीही जाते आणि चेहरा नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीसारखा एकरंगी व सपाट होतो. ही पुसलेली लाली परत आणून ठेवण्यासाठी ब्लश लागतो. म्हणजे ब्लशला बेसची गरज असते हे म्हणणे उलटे असून, दाट बेस लावणाऱ्यालाच ब्लशवाचून चालत नाही.

ही गोष्ट ध्यानात घेतली की ‘डागासारखा दिसतो’ या तक्रारीचाही उलगडा होतो. बेस नसलेल्या गालावर मूळची लाली शिल्लक असते आणि ब्लश तिच्यात केवळ भर घालतो, त्यामुळे बेसवर जेवढा रंग लागतो त्याहून पुष्कळच कमी रंग तेथे पुरतो. सवयीने तेवढीच मात्रा उघड्या गालावर घेतली, तर कडा स्पष्ट दिसतात आणि दोष मात्र बेस नसण्याला दिला जातो. ब्रश झटकून घेणे, रंगाचा पहिला स्पर्श गालाच्या मध्यावर करून तो कडांकडे विरळ करत नेणे, एवढ्याने हा दोष बहुधा दूर होतो. हसून गालाचा जो भाग वर येतो त्यावरच रंग लावावा, हा सल्लाही अर्धाच खरा आहे, कारण हसू ओसरल्यावर तो भाग खाली उतरतो आणि रंगही त्याबरोबर नाकपुडीच्या पातळीपर्यंत खाली आलेला दिसतो.

बेसचा नियम आला कोठून, हा प्रश्न इतिहासाचा आहे. गालांना रंग लावण्याची प्रथा फार जुनी असून प्राचीन इजिप्तमध्ये त्यासाठी गेरू वापरला जाई, आणि गेरूचा लाल रंग ज्या लोह ऑक्साइडामुळे असतो तेच, आता कारखान्यात शुद्ध स्वरूपात बनवलेले, ऑक्साइड आजच्या ब्लशमध्येही असते. चीन आणि जपानमध्ये करडईच्या फुलांतून लाली काढली जाई. सोलापूर आणि मराठवाड्यात तेलबी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या काटेरी पिकाच्या पाकळ्यांत पिवळे आणि लाल अशी दोन प्रकारची रंजके असतात. पिवळे पाण्यात धुऊन जाते, कार्थामिन हे लाल रंजक क्षारयुक्त पाण्यात उतरते आणि त्यात आम्ल मिसळल्यावर त्याचा साका खाली बसतो. युरोपातही हा साका शंखजिऱ्याच्या पुडीत मिसळून रूज तयार करत. बेस ही केवळ आधुनिक काळाची निर्मिती आहे असे मात्र नाही, कारण सोळाव्या ते अठराव्या शतकांतील युरोपीय उच्चवर्गात शिशापासून केलेल्या विषारी सफेद्याचा लेप चेहऱ्यावर देऊन त्यावर लाली लावत असत. परंतु तो पांढरेपणाचा सोस होता. आजचा ‘आधी बेस’ हा नियम घडला तो प्रामुख्याने रंगमंचावर आणि कॅमेऱ्यासमोर. पॅरिसमध्ये १८६३ साली सुरू झालेले आणि पुढे गोल डब्यांतील रूजसाठी प्रसिद्ध झालेले बुर्ज्वा हे नाव नाट्यव्यवसायाशी जोडलेले होते. तर रंगीत टेक्निकलर चित्रपटांच्या तीव्र प्रकाशासाठी मॅक्स फॅक्टर कंपनीने तयार केलेला, ओल्या स्पंजने लावायचा ‘पॅन-केक’ हा बेस १९३७-३८ च्या सुमारास स्टुडिओतून सामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचला. मराठी संगीत रंगभूमीवर पुरुष नट स्त्रीभूमिका करत त्या काळात दाढीची छटा झाकल्याशिवाय गालाची लाली शोभणे शक्यच नव्हते. झगमगीत दिव्यांत आणि चित्रीकरणात मूळचा वर्ण फिका पडतो, म्हणून तेथे हा नियम योग्य ठरतो आणि नववधूच्या मेकअपलाही तो लागू पडतो. पण कार्यालयात किंवा महाविद्यालयात जाण्यासाठी दिवसाच्या उजेडात केलेल्या प्रसाधनाला तो तसाच लावण्याचे काहीच कारण नाही.

सावळ्या किंवा गव्हाळ वर्णाला ब्लश शोभत नाही, आणि लावायचाच तर आधी उजळ बेस हवा, हा समज भारतात विशेष घर करून आहे. त्वचेत मेलॅनिन अधिक असले तरी रक्तवाहिन्या रुंदावण्याची क्रिया सर्व वर्णांच्या माणसांत सारखीच घडते. चार्ल्स डार्विन यांनी १८७२ साली प्रसिद्ध झालेल्या भावनांच्या अभिव्यक्तीवरील ग्रंथात लाजण्याला स्वतंत्र प्रकरण दिले, तेथे कृष्णवर्णीयांनाही लाली चढते, मात्र ती कमी दिसते, याची चर्चा केली आहे. गव्हाळ गालावर जो ब्लश राखाडी दिसतो, त्याचा दोष त्वचेकडे नसून छटेकडे असतो: फिकट गुलाबी छटा मिळवण्यासाठी लाल रंगात टायटेनियम डायऑक्साइड भरपूर घातलेले असते आणि त्याचा पांढरेपणा गडद पार्श्वभूमीवर राखेसारखा उठून दिसतो. पांढरे द्रव्य कमी आणि रंग अधिक असलेल्या डाळिंबी, विटकरी, जांभळट किंवा पिकलेल्या रातांब्यासारख्या छटा अशा गालावर कोणत्याही बेसविना खुलतात. डबीत त्या भडक दिसतात म्हणून ग्राहक त्या टाळतात आणि दुकानदारही फिक्याच छटा पुढे करतात, ही वेगळी अडचण.

टिकाऊपणाच्या आक्षेपात मात्र काही तथ्य आहे, फक्त ते ब्लशच्या प्रकारानुसार बदलते. पावडर ब्लशमध्ये शंखजिरे, अभ्रक आणि त्वचेला चिकटून राहण्यासाठी झिंक किंवा मॅग्नेशियम स्टिअरेट असते. ही पूड जेथे ओलावा किंवा तेल अधिक तेथे अधिक धरते, म्हणून नुकतेच मॉइश्चरायझर लावलेल्या किंवा काही भागांत तेलकट असलेल्या गालावर ती ठिगळासारखी बसते. मॉइश्चरायझर मुरेपर्यंत काही मिनिटे थांबणे किंवा जास्तीचे तेल टिपून घेणे हा यावरचा उपाय असून, त्यासाठी संपूर्ण चेहऱ्यावर बेस देण्याची गरज नसते. क्रीम ब्लशमधील तेले, मेणे आणि सिलिकोन उघड्या त्वचेत सहज मिसळतात आणि कोरड्या त्वचेवर पावडरपेक्षा चांगले बसतात. टिंट या नावाने मिळणाऱ्या पाणीदार प्रसाधनातील विरघळलेले रंजक तर त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत पेशींच्या थरालाच, म्हणजे शृंगस्तराला, रंगवते. म्हणून ते सहजासहजी पुसले जात नाही, पण झपाट्याने वाळत असल्यामुळे पसरवायला वेळ देत नाही. उलट तेलकट त्वचेवर दिलेला जाड बेस दुपारपर्यंत घामाबरोबर सरकू लागला, तर वरचा ब्लशही त्याच्याबरोबर सरकतो. पावडरवर क्रीम लावू नये हा नियम तेवढा खरा आहे, कारण खालची पूड क्रीममधले तेल शोषून गोळे धरते. पण जेथे खाली पूडच नाही तेथे तो लागू होत नाही.

सनस्क्रीन मात्र उघड्या गालावरही वगळू नये. त्याचा संरक्षण-अंक प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर देऊन मोजलेला असतो आणि फाउंडेशन किंवा ब्लश एवढ्या जाडीने कोणीच लावत नाही, त्यामुळे त्यांच्या वेष्टनावर अंक छापलेला असला तरी ती सनस्क्रीनची जागा घेऊ शकत नाहीत. सनस्क्रीन वाळल्यावर ब्लश घासून न लावता बोटाने किंवा स्पंजने थोपटून लावला, तर खालचा थर फारसा विस्कटत नाही.

बेस हा ब्लश आणि त्वचा यांच्यामधला पडदा असून तो नसल्यास रंग छिद्रांतून शरीरात शिरतो, ही भीती अनाठायी आहे. ब्लशमधील बहुतेक रंगद्रव्ये न विरघळणारी असतात आणि ती शृंगस्तराच्या पृष्ठभागावरच राहतात. शिवाय फाउंडेशनमध्येही तीच ऑक्साइडे असल्यामुळे पडदा म्हणून त्याचे वेगळेपण उरतच नाही. प्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरमांचे वर्णन क्लिगमन आणि मिल्स या संशोधकांनी १९७२ साली केले, पण त्यात बेसचा अभाव हे कारण नव्हते, तर छिद्रे बुजवणारे काही घटक होते, आणि बेस लावल्याने अशा घटकांचे प्रमाण वाढण्याचीच शक्यता अधिक. खरा धोका अशुद्ध रंगांचा असतो. जपानमध्ये १९७० च्या दशकात अनेक स्त्रियांच्या चेहऱ्यावर तपकिरी काळपटपणा आला, तेव्हा त्यामागे प्रसाधनांतील एका लाल रंगात भेसळीप्रमाणे राहिलेले सुदान-१ हे रंजक असल्याचे आढळले. आपल्याकडे कुंकवामुळे होणाऱ्या स्पर्शजन्य त्वचादाहातही असेच रंग आढळले असल्याने, नैसर्गिक समजून कुंकू किंवा पिंजर गालाला चोळणे हे ब्लशपेक्षा अधिक जोखमीचे आहे. बिटाचा रस निरुपद्रवी असला तरी त्याचा रंग उजेडाने लवकर फिका होतो. भारतात प्रसाधनांतील रंगांमध्ये शिशाचे प्रमाण दर दशलक्ष भागांत २० भागांहून आणि आर्सेनिकचे २ भागांहून अधिक असू नये असे बंधन आहे. म्हणून उत्पादकाचे नाव आणि परवाना क्रमांक नसलेली डबी टाळणे हे बेस लावण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे. शाकाहाराचे व्रत पाळणाऱ्यांनी घटकांच्या यादीत कारमाइन किंवा ७५४७० हा क्रमांक पाहावा, कारण तो रंग कोचिनील किड्यांपासून मिळतो.

गालाच्या आम्लतेनुसार प्रत्येकीला तिची स्वतःची छटा देतो, असे सांगून विकला जाणारा ब्लश हा या क्षेत्रातला सर्वांत चतुर दावा. त्यात फ्लोरेसीन कुळातले असे रंजक असते की जे डबीत जवळपास बिनरंगाचे राहते आणि त्वचेवरील ओलावा व आम्लता यांच्या संपर्कात येताच गुलाबी होते. पण बहुतेकांच्या त्वचेचा सामू (पीएच), म्हणजे आम्लतेचे माप, ४.५ ते ६ या अरुंद पट्ट्यात असल्याने सर्वांना मिळते ती जवळजवळ एकच गुलाबी छटा, आणि जो काही फरक दिसतो तो मूळच्या वर्णाचा असतो.

बेस खरोखर उपयोगी पडतो तो वांग असलेल्या चेहऱ्याला. वांग म्हणजे गालांवर आणि कपाळावर उमटणारे तपकिरी पट्टे. ते अतिनील किरणांप्रमाणेच दृश्य प्रकाशानेही गडद होतात आणि साधे पारदर्शक सनस्क्रीन दृश्य प्रकाश फारसा अडवत नाही. लोहाची ऑक्साइडे तो अडवतात, म्हणून अशा चेहऱ्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ रंगीत सनस्क्रीन सुचवतात. तीच ऑक्साइडे ब्लशमध्येही असली, तरी त्याचा थर विरळ आणि गालांपुरताच असल्याने हे काम त्याच्याकडून होत नाही.